तीन पिशव्या

माझा बाप पोटात दुखून गेला. गावात आजही एवढंच सांगतात. शहापूर तालुक्यात शेणव्यापासून आत चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. त्या दिवशी सकाळी तो बांधावर गवत कापत होता, दुपारी भिंतीला पाठ टेकून बसला आणि दिवस मावळेपर्यंत त्याचं पोट लाकडासारखं ताठ झालं. तालुक्याला नेलं, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी परत आणलं ते तसं. सोबत एक कागद दिला होता, इंग्रजीत. मी तेव्हा नववीत होते आणि माझं इंग्रजी म्हणजे पाठ केलेले चार निबंध. कागदावरचं अक्षर मला लागलं नाही. आईने तो कागद कापडाच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड सुतळीने बांधलं आणि पिशवी आढ्याला टांगली, उंदीर पोचणार नाहीत अशी.

पुढची वर्षं ओढगस्तीची गेली. आई दुसऱ्यांच्या भातखाचरात लावणीला जायची. पावसाच्या तोंडावर रानात शिरून शेवळांची रानभाजी काढायची आणि जुड्या बांधून शहापूरच्या बाजारात रस्त्याकडेला बसायची. कितीतरी दिवस आम्ही भाकरी आणि मिरची-मीठ खाल्लं. मी एकदा म्हटलं, शाळा सोडते, तुझ्यासोबत येते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू शिक. त्या कागदात काय लिवलंय ते मला कळलं पायजे. त्यांनी काय केलं त्याचं, ते."

त्यांनी काहीतरी केलं, हा संशय तिच्या मनात त्या दिवसापासून होता. मी शिकले त्यात या संशयाचा वाटा मोठा आहे.

भूगोल घेऊन मी बी.ए. झाले. आईच्या माहेरी आणि बापाच्या भावकीत तोवर कुणी कॉलेजचा उंबरा ओलांडला नव्हता. मी हे मिरवते आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे, मी मिरवतेच आहे. कॉलेजात असताना आईला मी तिचं नाव लिहायला शिकवलं. अंगठ्याला शाई लावून घ्यायचे तिचे दिवस संपले. आणि निकाल लागल्यावर पहिलं काम केलं ते आढ्यावरची पिशवी काढायचं. डिक्शनरी घेऊन बसले आणि एक-एक शब्द लावला. बापाच्या आतड्याला भोक पडलं होतं, त्यातून घाण पोटभर पसरली होती.

आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुनी पाडलं?"

"कुणी पाडत नाही आई, आपोआप पडतं. अल्सर असतो."

"आपोआप कवा भोक पडतं का गो? मडक्याला पन पडत नाय."

तिचं समाधान झालं नाही, पण कागद वाचणारी घरात आली हे तिला पटलं. नंतर मी शहापुरात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या दुकानात लागले. आधार, रेशन, सातबारा, जातीचा दाखला, जे येईल ते. गावात कुणाकडे कागद आला की तो माझ्याकडे यायचा. मी वाचून सांगायचे आणि मी सांगितलं की विषय संपायचा.

मागच्या वर्षी आईचं पोट दुखायला लागलं.

सुरुवात एका लग्नात, हळदीच्या जेवणानंतर झाली. मटणाचा रस्सा, वर तेलाचा तवंग. घरी आली आणि वाकडी झाली. उजव्या बरगडीखाली कळ, ती मागे खांद्यापर्यंत जायची, आणि हिरवट उलटी. दोन तासांनी सगळं शांत. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, तेही एका बारशाचं जेवण जेवून आल्यावर. आईची थोरली बहीण, माझी मावशी, तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. मावशी मुरबाड तालुक्यातली, सिद्धगडाच्या पायथ्याची. तिने एका वाक्यात निकाल दिला. "खान्यातून घातलंय कुनीतरी. लोकांच्या घरी जेवतीसच कशाला?"

त्यावर आईने लोकांकडे जेवणं बंद केलं आणि खरंच महिनाभर दुखलं नाही. मावशीचा संशय पक्का झाला. आता वाटतं, तिचं निदान अर्धं बरोबर होतं. दुखणं जेवणातूनच येत होतं, तेलातून. पण ते सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

तिसऱ्यांदा घरच्याच तळलेल्या माशांनी दुखलं तेव्हा मात्र मी दवाखान्यात जा म्हणून हट्ट धरला. दुकानात फॉर्मची शेवटची तारीख होती, म्हणून मला जाता आलं नाही. दोघी बहिणी एसटीने शहापूरला गेल्या, सोनोग्राफी करून घेतली, डॉक्टरला दाखवली आणि संध्याकाळी घरी आल्या. आईने रिपोर्टचं पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"पिशवी काढायची म्हनतो."

आमच्याकडे बाई पिशवी म्हणाली की ती एकच पिशवी असते, मूल वाढतं ती. बाकी पोटाला आमच्या बायका फारसं नाव देत नाहीत. बेंबीच्या खाली ओटीपोट, बाजूला कूस, वर काळीज. तेवढ्यात सगळं बसवायचं. आणि पिशवी हा शब्द आमच्या घरात आला की सगळ्यांची नजर मावशीकडे जायची.

मावशी तिशीत असताना तिची पिशवी काढली होती. अंगावरून पांढरं जातंय म्हणून ती कुठल्याशा दवाखान्यात गेली होती. पिशवीला सूज आहे, नाही काढली तर कॅन्सर होईल, असं सांगून त्यांनी अंगठा घेतला. तिला तोवर एकच मुलगी होती. नंतर तिच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली. मावशी ही गोष्ट सांगते तेव्हा रडत नाही. एवढंच म्हणते, "मला इचारलं व्हतं. सांगितलं नव्हतं."

त्या संध्याकाळी तिने आईला दरडावलं. "पाय ठेवायचा नाय परत तिथं. माझी नेली, आता तुझी नेतात."

आई मात्र दुसऱ्याच विचारात होती. ती म्हणाली, "पन माझं दुखतंय वर, बरगडीखाली. आनी पिशवी खाली. वरच्या दुखन्याला खालची पिशवी का काढतो तो?"

या प्रश्नावर खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी कागद वाचणारी. पाकीट उघडलं. दोन पानी छापील रिपोर्ट. वरून एक-एक शब्द लावत गेले. लिव्हर कळलं. त्याखाली ठळक अक्षरात गॉल ब्लॅडर. ब्लॅडर मला माहीत होतं. तरी खात्री करावी म्हणून मोबाइलमध्ये घातलं, ब्लॅडर म्हणजे मूत्राशय. गॉल हे मी मशिनच्या कंपनीचं किंवा कुठल्या डॉक्टरचं नाव समजले. फॉर्ममध्ये अशी नावं रोज बघते मी. पुढे खडे असल्याचं लिहिलं होतं, ते मोबाइलने सांगितलं. तिथेच मी वाचणं थांबवलं. मला उत्तर मिळालं होतं.

"ती पिशवी नाही आई," मी अगदी खात्रीने म्हणाले. "लघवीची पिशवी आहे. त्यात खडे झालेत. मुतखडा."

मावशीने रिपोर्ट उलटसुलट करून बघितला.

"लघवीची पिशवी काढनार?" मावशी म्हणाली.

"हो."

"मंग मुतायचं कुठून?"

मी म्हटलं, काहीतरी नळी वगैरे बसवत असतील. आई हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "माझी लघवी चांगली हाय. आता जळजळ नाय, अडत नाय. काल जरा पिवळी झाली तेवढीच."

"बघ," मी म्हणाले. "पिवळी झाली ना? म्हणजे तेच."

त्या एका 'बघ'ची मला आजही लाज वाटते. दवाखान्यात जायच्या भीतीने आईने दोन दिवस धड पाणी प्यायलं नव्हतं, लघवी पिवळी व्हायला तेवढं पुरे होतं. पण तेव्हा मला माझ्या अभ्यासाचा पुरावा मिळाल्यासारखं वाटलं.

पुढचे दोन-तीन आठवडे आमच्या घरात कुणी कुणावर विश्वास ठेवला नाही. मावशीचा डॉक्टरवर संशय. माझा सोनोग्राफीवाल्यांवर, कारण दुखणं वर आणि रोग खाली हे मलाही आता खुपत होतं, आणि मला वाटायला लागलं की रिपोर्ट बदलला असेल, दुसऱ्या कुणाचा आमच्या हातात दिला असेल. आणि आईचा संशय माझ्यावर. रिपोर्टचं पाकीट तिने माझ्या टेबलावरून उचललं आणि आढ्यावरच्या पिशवीत, बापाच्या कागदाशेजारी टाकलं. मी दुकानातून आले की ती माझ्याकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. एकदा शेजारणीला म्हणाली ते मी ऐकलं, "पोरीला कळतं गो, पन सगळं नाय कळत."

खाणं तिने कमी केलं होतं. तेल बंद, मासळी बंद. भाताची पेज प्यायची आणि कामाला जायची. चेहरा उतरला. एका सकाळी पेज पिऊनसुद्धा कळ आली आणि ती उंबऱ्यावर बसून राहिली, उठता येईना. मला बाप आठवला. भिंतीला पाठ टेकलेला. मी रिक्षा बोलावली, आढ्यावरून पाकीट काढलं आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मावशी आधी नको म्हणत होती, तरी आली. म्हणाली, "मी येते. कागदावर बोट लावताना हात धरायला कुनी पायजे."

तिथल्या सिस्टर खर्डीकडच्या, बोलायला आमच्यासारख्याच. त्यांनी इंजेक्शन दिलं, आईची कळ उतरली, मग त्यांनी रिपोर्ट मागितला. मी दिला आणि आपणहून सांगितलं, "लघवीच्या पिशवीत खडे आहेत."

सिस्टरनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं?"

"मी वाचलं. ब्लॅडर लिहिलंय."

"शिकलीस किती?"

"बी.ए."

"मग ब्लॅडरच्या आधी काय लिहिलंय, ते नाही वाचलंस? गॉल. आणि हे बघ, खाली." त्यांनी बोट ठेवलं. पहिल्याच पानावर, खालच्या बाजूला, युरिनरी ब्लॅडर वेगळं लिहिलं होतं आणि पुढे नॉर्मल. त्याच्या खाली युटेरस, तेही नॉर्मल. तिन्ही पिशव्या एकाच पानावर एकाखाली एक होत्या. मी पहिल्या ओळींवरच थांबले होते.

"पित्ताची पिशवी आहे ताई तुमची," सिस्टर आईला म्हणाल्या. "तिच्यात खडे झालेत. ती काढायची."

मला वाटलं, सुटलो. पण आई उठून बसली.

"पित्त?"

"हां, पित्त."

"पित्त झालं तर आमी कोकमाचं पानी पितो. पित्तासाठी पोट फाडतात हे आज ऐकलं."

"ते पित्त वेगळं. ते म्हणजे आंबट ढेकर, छातीत जळजळ."

"मला नाय तसली जळजळ."

"म्हणूनच सांगते, ते वेगळं."

"आधी पिशवी. मंग लघवीची पिशवी. आता पित्ताची पिशवी." आई पायात चपला घालत होती. "अजून किती पिशव्या काढनार तुमी माझ्या पोटातून?"

मावशीने तिचा दंड धरला आणि दोघी बाहेर पडल्या. सिस्टर मला म्हणाल्या, "समजाव तिला. अशीच कळ येत राहिली तर एक दिवस खडा खाली नळीत अडकेल, मग धावाधाव होईल." मी मान हलवली. माझं कोण ऐकणार होतं?

त्या रविवारी मावशी परत जायची होती म्हणून आईने कोंबडा कापला. स्वतः खाणार नव्हती, बहिणीसाठी. ती अंगणात पाटावर बसून साफ करत होती, मी पाणी ओतत होते. पोट उघडलं, आतडी बाजूला केली, आणि मग तिने हात एकदम हळू केला. कलेजीला चिकटलेली एक हिरवीगार, बोटाच्या पेराएवढी पिशवी. ती तिने दोन बोटांच्या नखांनी जराशा कलेजीसकट धरून अलगद सोडवली. लहानपणापासून मी हे बघत आले आहे. ती फुटली की अख्खं मटण कडू. आमच्याकडे तिला कडूच म्हणतात. कडू काढलं का गो, असंच विचारतात.

मी तांब्या खाली ठेवला.

"आई, हे काय आहे?"

"येडी झालीस का? कडू."

"हे कलेजीखाली असतं?"

"मंग कुठं असनार?"

"आई, हीच ती. पित्ताची पिशवी म्हणजे हीच. तुला पण आहे, मला पण आहे. कलेजीखाली, उजवीकडे. तिच्यात खडे झालेत."

आईने हातातली हिरवी पिशवी पालथ्या पानावर ठेवली आणि बघत बसली. मावशी पडवीतून उठून आली. आईने रक्ताळलेला हात पदराला पुसला आणि आपल्याच उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली. तिथेच, जिथे दुखायचं.

"हितं?"

"हां."

"आनी उलटी हिरवी यायची ती?"

"त्यातलंच कडू."

आजवर तिला कुणी सांगितलेली एकही गोष्ट तिच्या दुखण्याच्या जागेशी जुळली नव्हती. ही जुळली. मग तिने मान वर केली. "हे काढून टाकलं तर मानूस जगतो?"

"जगतो म्हणतात."

"कोंबडा तर मेल्यावर काढतो आपन," मावशी म्हणाली.

"तू गप गो," आई म्हणाली.

मावशीने परत जाणं लांबवलं आणि आठवड्याने आम्ही तिघी परत दवाखान्यात गेलो. ऑपरेशनचे डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे, मराठी पुस्तकातल्यासारखं बोलायचे. आईने खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "तुमी माझं कडू काढनार का दुसरं काय?"

"कडू?"

सिस्टरनी तोंडाला पदर लावला आणि त्यांना समजावलं. डॉक्टर हसले. आई हसली नाही.

"हो, फक्त कडू," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी प्रश्न सुरू केले. भूक लागते का, परसाकडे साफ होते का, लघवीला काही त्रास?

"उन्हाळी लागते कवा कवा."

"उन्हाळ्यात लागते?"

"उन्हाळ्यात नाय. उन्हाळी. पावसात पन लागते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, त्याला आम्ही उन्हाळी लागली म्हणतो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पेन थांबवून म्हणाले, आजवर दोन बायका मला उन्हाळी लागली सांगून गेल्या, मी त्यांना ऊन लागलं समजून मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं. मावशी माझ्या कानात म्हणाली, "बघ. हा पन तुझ्यासारखाच शिकलाय."

संमतीचा कागद आला तेव्हा आईने पेन हातात घेतलं नाही. "काय काढनार ते मराठीत लिवा. बाकी कशाला हात लावायचा नाय, ते पन लिवा." डॉक्टर म्हणाले, छापील फॉर्म असतो, त्यात तसं लिहायची पद्धत नाही. मावशी दाराशी उभी होती. ती आत आली आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली. "मला लिवून दिलं नव्हतं, डॉक्टर." तिने एवढंच सांगितलं. डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला आणि खालच्या मोकळ्या जागेत हाताने लिहिलं. मी ते मोठ्याने वाचलं. एकदा, आणि आईने सांगितलं म्हणून परत एकदा. यावेळी शेवटच्या शब्दापर्यंत.

दुर्बिणीने ऑपरेशन झालं. एवढ्याशा भोकांतून पिशवी निघते यावर आईचा आजही विश्वास नाही. शुद्धीवर आल्यावर सिस्टरनी तिला बाटलीतले खडे दाखवले, तुरीएवढे, काळपट हिरवे. तिने बाटली उजेडात धरून हलवली आणि विचारलं, "हे माझेच कशावरून?"

आता ती सगळं खाते. दवाखान्याचं कार्ड बापाच्या कागदाबरोबर आढ्यावरच्या त्याच पिशवीत आहे, आणि त्यात काय लिहिलंय ते तिला माहीत आहे. तिच्या पोटातली पित्ताची पिशवी काढली. गर्भपिशवी आणि लघवीची पिशवी जागेवर आहेत. संमतीच्या कागदावर काय काढणार ते मराठीत लिहिलेलं होतं, आणि त्याखाली माझ्या आईने स्वतःचं नाव लिहून सही केली.